झेलणाऱ्याचा डावा हात

लंडन, ९ ऑक्टोबर १९३३, सोमवार

आज वर्गात मिस्टर ऑर्मरॉड यांनी माझा नवा लिनोलियमचा छाप उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मिस प्रॉथेरो, तुमच्या लंडनमध्ये माणसं राहतात की नाही?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. वर्षभरात मी धुराडी केली, पूल केले, गॅसच्या टाक्या केल्या. माणूस करायचा म्हटला की हात आखडतो. मागे एक बाई केली होती, ती कपडे टांगायच्या खुंटीसारखी दिसली.

"जानेवारीत प्रदर्शन आहे," ते म्हणाले. "तुमचं काम लावायचं तर मला त्यात शरीर हवं. नाकडोळे नकोत. शरीराचं वजन कुठून निघतं आणि कुठे जातं, तेवढंच दाखवा. चार रंग, लिनोलियमचे चार तुकडे, एका रंगाला एक. बाकी सगळं फेका."

घरी येऊन लॉटीला सांगितलं. तोंडात टाचण्या धरून ती शिवत बसली होती. माझी धाकटी बहीण. तिच्याच मशीनवर हे घर चालतं असं ती म्हणते आणि ते बरंचसं खरं आहे. म्हणाली, "लोक लिनोलियम जमिनीवर घालतात, तू त्यावर माणसं कोरणार. कोरलेल्यातून एखादा नवरा निघतो का बघ."

१४ ऑक्टोबर, शनिवार

माणूस सापडला. दोन सापडले.

लॉटी सर्कशीतल्या लोकांचे पोशाख शिवते. आज तिला एक पोशाख केनिंग्टनला पोचवायचा होता, मी गठ्ठा धरायला गेले. ट्रामची जुनी, रिकामी शेड. छताच्या तुळईला दोन झोके टांगलेले, खाली जाळं. पोस्टरवर नाव 'द फ्लाइंग फाल्कोनीज', इटलीचे. प्रत्यक्षात रूबेन आणि थर्झा फॅलोज, राहणार बोल्टन.

"इटली कुठल्या बाजूला आहे तेही मला माहीत नाही, बाई," थर्झा म्हणाली. "पण बोल्टनचे उडणारे फॅलोज म्हटलं तर तिकीट कोण काढेल?"

मग ती वर चढली. रूबेन समोरच्या झोक्यावर गुडघे अडकवून उलटा लटकला. चाळिशीचा, बैलासारखा माणूस, पण झोका हलायला लागला तसा तो जड राहिलाच नाही. थर्झाने झोका घेतला, एक, दोन, आणि हात सोडले. मधल्या क्षणी तिच्या अंगाला ना वर काही होतं ना खाली. मग मनगटावर मनगट बसल्याचा आवाज आला, चप्प, ओल्या कपड्यासारखा.

माझी पेन्सिल खाली पडली होती. घाबरत विचारलं, "मी रोज येऊन चित्रं काढली तर चालेल?"

रूबेन वरूनच ओरडला, "पोट कमी काढणार असाल तर या!"

२१ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर गेले. दोन आकृत्यांची मिळून एकच कमान आहे. त्याच्या गुडघ्यात सुरू होते आणि तिच्या पायांच्या बोटांत संपते. हेच माझं चित्र. त्याला लाल, तिला पिवळा, शेड हिरवी, आणि या सगळ्यांना बांधणारा गडद निळा.

एक अडचण आहे. त्याचा डावा हात मला नीट जमत नाही. उजवा घट्ट बंद होतो, डाव्याची बोटं माझ्या कागदावर उघडीच राहतात. खोडते, पुन्हा तसंच येतं. ऑर्मरॉड साहेब म्हणाले, "वळण इथे लंगडतंय." घरी बसून दुरुस्त केलं. उजव्या हाताचा आकार उलटा करून डावीकडे लावला. आता कमान सुरेख दिसते.

२ नोव्हेंबर, गुरुवार

सरावानंतर त्यांच्याबरोबर चहा प्यायले. असं प्रेम मी नवरा-बायकोत पाहिलेलं नाही. थर्झा त्याच्या कोटाची बटणं लावून देते, पाव कापून देते, बुटाची नाडीसुद्धा तीच बांधते. तो बिचारा लहान मुलासारखा उभा. आज त्याच्या हातून कप निसटला, तुकडे झाले. थर्झा लगेच म्हणाली, "माझाच धक्का लागला." ती तर टेबलाच्या पलीकडे होती! नवऱ्याची चूक अशी चटकन अंगावर घेणारी बायको विरळाच. लॉटीला सांगितलं तर म्हणाली, "इतकं लाडावलेलं माणूस मला नको बाई."

११ नोव्हेंबर, शनिवार

आज युद्धविरामाचा दिवस. अकराला भोंगा झाला. शहरात सगळं थांबलं तसं शेडमध्येही थांबलं. रूबेन खाली उतरून टोपी काढून उभा राहिला. त्या शांततेत मी पाहिलं, त्याचा डावा हात मांडीजवळ थरथरत होता. महायुद्धात फ्रान्समध्ये होता ना तो. कुणाची आठवण आली असेल. थर्झाने न बघता तो हात आपल्या हातात घेतला आणि दोन मिनिटं संपल्यावरही सोडला नाही.

एक तक्रार मात्र आहे. थर्झा हल्ली झोका सोडताना अर्धा क्षण आधी वळते आणि तिरकी जाते. दोन्ही हातांनी त्याचं उजवं मनगटच धरते. त्यामुळे माझी कमान मोडते. ऑक्टोबरात ती सरळ जायची.

२५ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहिलंच पाहिजे.

मी सकाळी थर्झाला म्हटलं, "एकदा पूर्वीसारखं सरळ जाशील का? मला फक्त एकदा नीट बघायचंय."

ती नुसती हसली. "पूर्वीचं कशाला हवंय, बाई?"

"चित्र बिघडतंय गं माझं."

हे रूबेनने वरून ऐकलं. "जा की सरळ!" तो म्हणाला. "बाई रोज थंडीत येऊन बसतात. की म्हातारी झालीस?"

थर्झाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली नाही, अजूनही कळत नाही. मग ती वर चढली, नेहमीपेक्षा जास्त वेळ हाताला खडूची पूड चोळत राहिली, आणि सरळ गेली. उजवी मनगटं जुळली. डावीकडे नुसताच सटकल्याचा आवाज. क्षणभर ती एका हातावर फिरली आणि खाली गेली. जाळ्याच्या कडेला पडली, तिथून उसळून जमिनीवर.

खांदा आणि बरगड्या ठेचल्या आहेत, मोडलेलं काही नाही. पडल्या पडल्या ती पहिलं काय म्हणाली? "मीच चुकले, रूबेन, मीच चुकले." आणि तो वर उलटाच लटकून होता. खाली यायलाच तयार नाही. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मी हाक मारली तर ओरडला, "गप्प बसा हो तुम्ही!"

बरोबरच आहे. माझ्यामुळे झालं. मी परत तिथे जाणार नाही.

३ डिसेंबर, रविवार

दुपारी दारावर थाप. रूबेन. चर्चचे कपडे, टोपी हातात. लॉटी चहा करायला आत गेली.

मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "बाई, तुमची चित्रं बघायची आहेत."

मी कोरायला घेतलेला लाल तुकडा दाखवला. मऊ व्हायला शेगडीजवळ ठेवला होता, हातात गरम लागत होता. मी सांगू लागले, "तुमचा डावा हात आधी मला जमत नव्हता. सारखा उघडा यायचा. मी तो दुरुस्त केला."

"उघडा यायचा?" तो म्हणाला. "ती चित्रं आहेत?"

दिली. तो एकेक उलटत गेला. ऑक्टोबरातली बोटं, नोव्हेंबरातली बोटं. माझं काही चुकत नव्हतं. मी जे होतं तेच काढत होते आणि घरी येऊन ते पुसत होते.

"उन्हाळ्यापासून आहे," तो म्हणाला. "खांद्यात नस दबली आहे. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत. दुसऱ्याचा हात लावल्यासारखा वाटतो."

"थर्झाला सांगा ना!"

"तिला कळलं तर ती भिऊन उडेल. भिऊन उडणारा मरतो, बाई. नाताळानंतरच्या पहिल्या खेळापासून शेवटची उडी जाळ्याशिवाय आहे, मॅनेजर ग्रीव्हने पोस्टर छापलंय. हा हंगाम गेला की सोडतो. मी तोड काढली आहे. ती आता सरळच येईल, तसं सांगितलंय तिला. लटकताना अंग थोडं डावीकडे टाकायचं, म्हणजे उजवा हात बरोबर मध्ये येतो. सगळं वजन त्यावर. तिला कळायचंसुद्धा नाही. तोवर हात राखून ठेवतो. एकत्र सराव करायचा नाही, मी माझा झोका घेईन, ती तिचा घेईल." मग म्हणाला, "शपथ घ्या."

मी घेतली. लॉटी चहा घेऊन आली तेव्हा तो हवापाण्याबद्दल बोलत होता.

१४ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा शेडमध्ये जाऊ लागले आहे. थर्झानेच निरोप धाडला, "बाई रुसल्या का?" आता ती दोघं वेगवेगळ्या वेळी सराव करतात. सकाळी तो, दुपारी ती. मीही दोघांना वेगवेगळं काढते आणि जसं दिसतं तसंच काढते. लाल तुकडा टाकून दिला. नवा कोरला, त्यात तो डावीकडे झुकलेला आहे, उजवा हात मधोमध.

आज मात्र मला राहवलं नाही. थर्झा पायऱ्यांवर बसून बरगड्यांना पट्टा गुंडाळत होती. मी म्हटलं, "थर्झा, रूबेनची तब्येत तुला कशी वाटते?" शपथ मोडली नाही, फक्त विचारलं.

ती पट्टा गुंडाळतच राहिली. "त्याचा डावा हात गेलाय, तेच ना?"

"मे महिन्यापासून माहीत आहे. त्याच्या आधी मला कळलं. मनगट धरते मी त्याचं, बाई, चौदा वर्षं धरतेय. म्हणून तर तिरकी जाते. दोन्ही हात त्याच्या उजव्या मनगटावर. आता आणखी थोडी बाहेरून जाईन, अगदी त्याच्या उजव्या खांद्याच्या रेषेत. अंगाला सवय लावतेय."

"त्याला सांगत का नाहीस?"

"सांगू? ज्या दिवशी त्याला कळेल की बायको त्याला सांभाळून उडते, त्या दिवशी तो उजव्या हातानेही झेलणार नाही. तुम्ही लग्न केलेलं नाही, तुम्हाला नाही कळायचं. शपथ घ्या."

ही दुसरी शपथ. पण घरी येताना किती हलकं वाटलं! उगाच झुरत होते मी. दोघांनीही आपापली सोय करून ठेवली आहे. त्याने तिच्यासाठी, तिने त्याच्यासाठी. एकाची तोड चुकली तर दुसऱ्याची आहेच. आज खूप दिवसांनी भूक लागली.

२३ डिसेंबर, शनिवार

पिवळा तुकडा कोरून झाला. थर्झा तिरकी, बाहेरून जाणारी. छत्रीच्या काडीपासून केलेली कोरणी लिनोमध्ये लोण्यासारखी चालली. दोन्ही चित्रांत शेडची तीच तुळई आहे, तिच्यावरून माप जुळवलं. नाताळाचा कारभार लॉटीचा, आत्या येणार, पुडिंग उकळतंय, घरात छापायला टेबल मोकळं नाही. मंगळवारी सकाळी पहिला छाप काढीन आणि दुपारी तो घेऊनच खेळाला जाईन. दोघांना नाताळची भेट.

२६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी टेबल मोकळं केलं. आधी पिवळा. पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. मग त्यावर लाल. कागद हलक्या हाताने उचलला.

हात जुळले नव्हते.

तिचे पिवळे हात त्याच्या लाल हाताच्या बाहेरून निघून गेले होते. मध्ये पांढरा कागद. त्याचा लाल हात मधोमध बंद झालेला, रिकामा.

मला वाटलं कागद सरकला. कोपऱ्यांच्या खुणा पाहिल्या, बरोबर. दुसरा काढला. तसाच. तिसरा. लॉटी मागून आली आणि म्हणाली, "हे काय, चुकामूक झाली का यांची?"

आणि तेव्हा मला कळलं. तो तिच्यासाठी सरकला होता. ती त्याच्यासाठी सरकली होती. जिथे त्याचा हात असायचा तिथे ती जाणार होती, आणि तिथे तो आता नव्हता. दोघांनी मला सांगितलं होतं. आणि मला भूक लागली होती!

लॉटीने माझा कोट आणला, स्वतःचाही घातला. ट्राम येईना. आम्ही निम्मी वाट पळालो. लॉटीची टोपी पुलावर उडाली, तिने मागे वळून पाहिलं नाही. सर्कशीच्या मागच्या दारावरचा माणूस आत सोडेना. लॉटी त्याला म्हणाली, "फाल्कोनीबाईंची चोळी उसवली आहे. तू शिवतोस?" त्याने सोडलं.

दोघं रंग लावून बसली होती. बँड सुरू झाला होता. मी ओला छाप त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. म्हटलं, "रूबेन, तुम्ही डावीकडे झुकता. थर्झा, तू बाहेरून जातेस. बघा."

थर्झाने मधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "तू झुकतोस? का झुकतोस?"

"तू बाहेरून का जातेस?"

"मी आधी विचारलं!"

"तुला माहीत होतं?"

"मे पासून!"

"मे?" तो उभा राहिला, खुर्ची पडली. "आणि माझी बटणं लावत बसलीस? सात महिने मला खेळवलंस?"

"आणि तू? मला तुझ्या मेलेल्या हातात उडी मारायला लावलीस! बाईंसमोर म्हातारी म्हणालास! मला वाटलं तुला ठाऊकच नाही की हात गेलाय. म्हटलं, चला, तेवढं तरी सुख राहू दे याला!"

"मी तुला भीती वाटू नये म्हणून..."

"मी सात महिने रोज भीत होते, गाढवा!"

तो पुन्हा बसला, जमिनीवरच. तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि डावा हात गालावरून घसरून मांडीवर पडला. थर्झाने तो पाहिला. त्याने लपवला नाही.

ग्रीव्ह दारात येऊन म्हणाला, "पाच मिनिटं."

"जाळं राहील," रूबेन म्हणाला.

"पोस्टरवर जाळ्याशिवाय लिहिलंय."

"मग पोस्टरलाच उडवा," थर्झा म्हणाली.

ग्रीव्ह लाल झाला. उद्यापासून दुसरी जोडी बघतो, इटलीतल्या खऱ्या लोकांना बोलावतो, असं बरंच काही बोलला. जाळं राहिलं.

उरलेल्या वेळात ती दोघं त्या खोलीत जमिनीवर समोरासमोर बसली. तो म्हणाला, "झुकत नाही. सरळ येतो. उजवा इथे असेल." ती म्हणाली, "दोन्ही हात तिथे. डावा आणूच नकोस मध्ये." दोघं पुन्हा पुन्हा हात पुढे करून मनगट धरत होती, जणू आजच ओळख झाली आहे.

मी लॉटीच्या शेजारी बसून पाहिलं. ती सुटली, तिरकी गेली. मी डोळे मिटले नाहीत. चप्प. एकच आवाज आला. ती त्याच्या एका हाताखाली वेडीवाकडी लोंबत होती, दोन्ही हातांनी ते मनगट आवळून, आणि त्याचा डावा हात बाजूला सुटा. लोकांना वाटलं हाच खेळ. टाळ्यांनी छत हललं. लॉटीने माझा हात इतका दाबला होता की आता लिहिताना बोटं दुखत आहेत.

२० जानेवारी १९३४, शनिवार

ग्रीव्हने शब्द पाळला, त्यांना दुसऱ्याच दिवशी काढलं. डॉक्टर म्हणाला, हात परत यायचा नाही. बेल्जियममध्ये, अँटवर्पच्या एका सर्कस मंडळीत थर्झाला जागा मिळाली आहे, झेलणारा दुसरा. रूबेन तिच्याबरोबर जातो आहे. त्याने अट घातली आहे, जाळं तोच बांधणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

मी पिवळा आणि लाल दोन्ही तुकडे पुन्हा कोरले, नाताळानंतरच्या त्या खेळात पाहिलं तसे. ऑर्मरॉड साहेबांनी छाप उजेडाला धरून पाहिला. "वळण अजून लंगडतंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो. लंगडतंय." त्यांनी चष्मा पुसला आणि छाप जिन्याजवळ लावायला सांगितला, जिथे उजेड कमी आहे.

आज दोघं बघायला आली. प्रदर्शन बंद व्हायच्या बेताला, मोठ्या कोटांत, कोपऱ्यात अंग चोरून. एक बाई आपल्या मैत्रिणीला विचारत होती, "यात पुरुष कोणता गं?" थर्झाला हसू आवरेना. रूबेन हसला नाही. तो पुढे वाकून पाहत होता.

"बाई," तो म्हणाला, "इथे मी तिला झेलत नाहीये."

"म्हणजे?"

"ती मला धरून आहे. तिने सोडलं तर मी पडेन."

मी त्याला समजावू लागले. लाल आकृती वरची, ती झोक्याला अडकलेली आहे, वजन सगळं खालच्या पिवळीचं, म्हणजे पडलीच तर तीच पडेल, हे तर चित्रात सरळ दिसतंय. थर्झाने माझ्या दंडावर हात ठेवला. "राहू द्या, बाई. त्याला बरोबर दिसलंय."

ती दोघं गेली, बोट पहाटेची आहे. मी जिन्याजवळ उभी राहून परत परत पाहिलं. दोन्ही तुकडे माझ्या हातांनी कोरले आहेत, तरी कोण कुणाला धरून आहे ते मला सांगता येईना. मी अजून तिथेच होते, तेवढ्यात माणूस दिवे मालवायला आला.